दवनीवाड्याचं बारावं मत

३ नोव्हेंबर १९५४, गोंदिया

मनिरामभाऊने सायकल दिली! फुकट सायकल कोण देतो? घंटी मात्र काढून घेतली. काऊन, विचारलं तर म्हणे, "तुले काय वरात काढायची हाये का बे?"

काम असं. नागपूरच्या विद्यापीठाचा कारभार बघायला एक सभा असते. तिच्यातले काही लोक बी.ए. झालेले निवडून देतात — पण ज्यांनी नाव नोंदवलं तेच. त्यांची नावं छापील पुस्तकात. मत टपालाने. घरी लखोटा येतो, आत कागद, सही करून परत धाडायचा. मनिरामभाऊ ज्यांच्यासाठी मतं जमवतो ते वकीलसाहेब उभे आहेत. आपल्याकडचे बारा लखोटे मी कोरेच गोळा करून आणायचे. मग नव्या कॉलेजात चपराशाची पक्की नोकरी! सहावी नापास मी, आणि विद्यापीठ माझ्या सायकलच्या कॅरियरवर.

कोरे कशाला, हे विचारायचं राहून गेलं.

६ नोव्हेंबर

अकरा झाले. अर्जुनी मोरगावला रेल्वेने गेलो, येताना तलावावर बगळे बघत बसलो आणि गाडी चुकली. लोक लखोटा देताना तोंडाकडे बघत नाहीत. कुठे भाऊ देतो, कुठे बायको. एकीने तर दारातूनच फेकला. विरुद्ध पार्टीचा माणूस माझ्याआधी फिरून राहिला, नक्की.

७ नोव्हेंबर

दवनीवाडा. शेवटचा माणूस — गोवर्धन केशोराव, बी.ए.

बाप केशोराव खळ्यावर होते. "रायपूरले गेला," म्हणाले. घरी आई, रुख्माबाई. ती म्हणे, "बालाघाटले हाये, नोकरीवर." विहिरीवर एकाला विचारलं. "थो? येईल दिवाळीले." दिवाळी तर होऊन गेली!

आणि अंगणात दोरीवर काळा कोट, उन्हात टाकलेला. माणूस रायपूरला अन् कोट इथे? पोराला घरात लपवलं आहे. मत दुसऱ्याला देऊन बसले असतील.

८ नोव्हेंबर

वाटेत दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली होती. दंडारीतली नाचगाणी बघत राहिलो. दिवस गेला.

१० नोव्हेंबर

परत दवनीवाडा. कोट आजही दोरीवर! माझं डोकंच फिरलं. अंगणात उभा राहून ओरडलो — "गोवर्धनभाऊ, लपून कायले बसले? बाहेर या!"

रुख्माबाई धान पाखडत होती. सूप हातात तसंच राहिलं. मग उठली, आत गेली, दार लोटून घेतलं.

केशोरावांनी मनगट धरून मला बैलगाडीमागे नेलं. "दोन साल झाले त्याले जाऊन. टायफाईडनं गेला."

"मग रायपूर काऊन म्हणता, काका?"

"मतांच्या यादीतून कापला. शेताच्या कागदातून कापला. नागपूरच्या त्या एका पुस्तकात हाये अजून. त्यायले कळलं का तिथूनबी कापतील. पोराच्या नावानं लखोटा आला का बुढीले बरं वाटते."

"अन् कोट?"

"कसर लागते ना बापा."

लखोटा मागता आला नाही.

१२ नोव्हेंबर

मनिरामभाऊला सांगितलं, तो मेला आहे. हसला!

"मले मालूम नाही का बे? म्हणून तर तुले धाडलं. लखोटा आण, दस्तखत मी ठोकतो."

म्हटलं, मेलेला माणूस मत कसा देईल?

"किताब में नाव हाये ना? मग जिंदा हाये. आण म्हणलं तर आण. नाही तर विद्यापीठाले चिठ्ठी टाकतो, नाव कटून जाईल. तुझी नोकरीबी."

फुलचूरला बहिणीच्या ओसरीवर बसून आठवत राहिलो. त्या अकरांपैकी किती माणसं मी डोळ्यांनी पाहिली? चार. बाकी सात कुठे आहेत?

आणि मी संशय घेत होतो लोकांवर!

१३ नोव्हेंबर

रुख्माबाईला सगळं सांगितलं, चिठ्ठीचंसुद्धा. ती आत गेली. उतरंडीमागून लखोटा काढला. बंदच होता. माझ्या हातात दिला.

"ने. पण नाव राहू दे म्हणा. अन् नेण्याआधी वाच एकडाव."

वाचलं — गोवर्धन केशोराव, मुक्काम दवनीवाडा.

"बी.ए. नाही लिवलं का?"

लिहिलं होतं. मीच गाळलं होतं. पुन्हा वाचलं.

१४ नोव्हेंबर

सायकल परत केली. मनिरामभाऊला सांगितलं, गोवर्धन भेटला. काळा कोट घालून बाहेर आला. मत परवाच टपालात टाकलं म्हणाला.

"पागल झाला का बे?"

"किताब में नाव हाये ना?" मी म्हटलं. "अन् चिठ्ठी टाकायचीच असंल तर बाकीच्या सात जणांचीबी टाक. नाही तर मी टाकतो."

नोकरी गेली. लखोटा मी नेलाच नाही; उतरंडीमागे आहे, होता तिथेच.