पूजेत ठेवलेले स्केट्स

हॅलिफॅक्स,
१६ सप्टेंबर २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तुम्ही ड्रॉवरमध्येच वापरता, म्हणून कागदावर कळवतो. माझं खेळणं संपलं. गुडघ्याची तिसरी शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिकवण्यापुरतं बर्फावर उतरा, सामने विसरा. अकरा वर्षं पगारी हॉकी खेळलो, पण सगळी लहानसहान गावांत. मोठ्या लीगने कधी बोलावलंच नाही.

इथल्या एका क्लबने चौदा वर्षांच्या मुलींचा कोच हो म्हणून विचारलंय. मन होत नाही. जो स्वतःच पोचला नाही, तो पोरींना काय वाट दाखवणार? स्केट्स पार्सलने पाठवलेत. बेसमेंटमध्ये ठेवा नाहीतर टाकून द्या. आई असती तर आधी ओरडली असती, मग शिरा केला असता. तिची फार आठवण येते.

तुमचे आशीर्वाद पाठीशी आहेतच, ते तसेच असू द्यावेत.
पुष्कर

रिचमंड हिल,
२८ सप्टेंबर २०२४

चि. पुष्करास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पार्सल पोचलं. मोजे आतच राहिले होते, त्यामुळे उघडण्याआधीच कोणाचं ते कळलं.

दसरा दोन आठवड्यांवर आलाय. तू चौदा वर्षांचा होतास तेव्हाचा दसरा आठवतो? त्या दिवशी मोठ्या क्लबची निवड होती. मी सकाळीच तुझे स्केट्स पूजेत मांडले, हळदकुंकू वाहिलं आणि बजावलं, पूजेतली वस्तू उद्यापर्यंत हलवायची नाही. तू निवडीला न जाता घरीच राहिलास. तुझ्या आईला वाटलं, मी तारीख विसरलो. मी विसरलो नव्हतो. तू इंजिनिअर व्हावंस म्हणून मुद्दाम केलं.

मोठ्या लीगने बोलावलं नाही हे वाचून मला जेवण गेलं नाही. वाट मीच अडवली होती. एकोणीस वर्षं हे जिभेवर येऊन परत जात राहिलं. पुष्कर, मला माफ कर. पण कोच हो. आणखी एक दार माझ्यापायी बंद व्हायला नको.

बापाने मुलाकडे लोभ मागावा की नाही, ठाऊक नाही, पण ठेव.
हेमचंद्र

हॅलिफॅक्स,
१३ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

कोच झालो. क्लबने मुलींची निवड नेमकी काल, दसऱ्याला ठेवली होती. मी ती एक दिवस पुढे ढकलली आणि शिट्टी पूजेत ठेवली. क्लबच्या बाईंना सांगितलं, आमच्याकडे या दिवशी साधनं विश्रांती घेतात. त्यांना ते भारी आवडलं.

बाबा, मला तेव्हाच कळलं होतं. त्या दुपारी पूजेतला तुमचा लॅपटॉप जागेवर नव्हता आणि बेसमेंटमधून टकटक ऐकू येत होती. म्हणजे न हलवायचा नियम फक्त माझ्या स्केट्सना होता. वर्षभर मी धुमसत होतो. मग लहान क्लबने मला घेतलं, आणि पहाटे पाचला दारातला बर्फ फावड्याने उपसून गाडी काढायला तुम्हीच उभे! चार हिवाळे, एकही दिवस न चुकता. खाली बसून माझ्या नाड्या आवळायचात, मी सतरा वर्षांचा घोडा झालो तरी. टीममधली पोरं हसायची. तुमची माफी मला तेव्हाच पोचली होती. मोठी लीग माझ्या पायांनाच जमली नाही, ते ओझं तुम्ही घेऊ नका.

आज अकरा मुली निवडल्या. मी मात्र बुटांवरच काठाशी उभा होतो. ते स्केट्स पार्सलने पाठवू नका, स्वतः घेऊन या. गुडघा अजून पुरता वाकत नाही. नाड्या बांधायला कोणीतरी हवं.

वाट पाहतो, माया आहे तशीच असावी.
तुमचा,
पुष्कर