श्रेयाची लस आणि जाऊबाई

मंगळवार, संध्याकाळ

आज सकाळी श्रेयाला लस दिली. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची. त्याच कॅन्सरनं माझी ताई गेली, तेव्हा थोरल्या जाऊबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "तसल्या बायकांना हुतोय त्यो." तसल्या! माझी ताई!

लेकीसाठी ठरवलं मी, की त्या एका शब्दाचा सूड म्हणून? सुरुवात रागानंच झाली, खोटं कशाला लिहू. पण राजारामपुरीतल्या डॉक्टरबाईंकडे दोनदा गेले. त्रास काय होतो, कशापासून वाचवत नाही, सगळं विचारलं. श्रेयालाही समजावलं. ती म्हणाली, "घेते की." मग दिली.

दुपारी जेवताना मुद्दाम सगळ्यांसमोर सांगितलं. जाऊबाईंचा घास हातातच राहिला. काळीज गार झालं माझं.

नंतर त्या स्वयंपाकघरात आल्या. आवाज खाली. "आमच्या प्राचीला चालंल काय गं? पंधराची हाय."

चालतं. डॉक्टरबाईंनी सांगितलंय मला. तरी भांडी विसळत म्हणाले, "मला न्हाय म्हाईत."

आत्ता प्राची श्रेयाजवळ बसलीय. "लई दुखलं काय?" विचारतेय. ह्या पोरीनं काय केलंय माझं?

काहीच नाही. तरी उठून सांगितलेलं नाही मी अजून.