क्रीम रंगाची बाटली

११ जानेवारी

चोर! चोरी केलीच, वर मलाच टाळ्या वाजवायला लावल्या!

आज क्लबची मीटिंग होती. आम्ही गाड्यांची छोटी मॉडेलं बनवणारे महिन्यातून एकदा दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यावरच्या हॉलमध्ये जमतो. डॉक्टरच अध्यक्ष. आज भाषणाला उभे कोण, तर आमचे साडूबुवा! हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. विषय काय — "रंग कालवायची माझी पद्धत."

माझी!! ड्रॉपरने थेंब मोजून आधी बाटलीच्या झाकणात नमुना करायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, मगच बाटलीला हात लावायचा — हे माझं. फिक्यात गडद टाकत जायचं, गडदात फिकं ओतत बसायचं नाही — माझं. कॉफी फेटायचा तो बॅटरीवरचा दांडा असतो ना, त्याची जाळी कापून तार वाकवून बसवायची, की रंग फेस न येता ढवळला जातो — तेही माझंच. त्या दांड्यापायी हिने आठवडाभर अबोला धरला होता! बाटलीत काचेचे मणी टाकायचे म्हणजे हलवताना तळाला बसलेला रंग सुटतो, हे मी ह्या गृहस्थाला माझ्या घरात, माझा चहा पाजून सांगितलं होतं. "काय डोकं आहे हो तुमचं!" म्हणत होता तेव्हा. मीही हरभऱ्याच्या झाडावर चढलो आणि सगळं ओकून बसलो. गाढव मी.

भाषण संपल्यावर अध्यक्ष माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अहो, तुमच्या नात्यात एवढा गुणी माणूस आणि तुम्ही बोलला नाहीत कधी!"

मी टाळ्या वाजवत होतो.

१२ जानेवारी

ही म्हणते, "सोडून द्या. रंग कसा ढवळायचा, त्यात काय एवढं?"

सोडून देतो! बघतोच आता.

१८ जानेवारी

डॉक्टरांचा फोन. जुन्या ट्राम डेपोत छोटं संग्रहालय होतंय. दारातच काचेच्या पेटीत ट्रामचं मॉडेल ठेवायचंय. मी लगेच हो म्हटलं. "तुमचे साडूही करतायत," डॉक्टर म्हणाले. करणारच! मी श्वास घेतला तरी तो त्याची नक्कल करेल.

दोनातलं एक निवडणार कोण? सासरे! या गावात ट्राम चालवलेला तो एकच माणूस उरलाय आता.

सासरे आमच्याकडेच राहतात. त्यांना डॉक्टरकडे न्यायचं, त्यांची नखं कापायची, रेडिओचे सेल बदलायचे, सगळं मी करतो. साडूबुवा महिन्यातून एकदा येतात, "काय बाबा, कसं काय!" म्हणून गुडघ्यावर हात ठेवतात आणि सासरे दिवसभर खूश! धाकट्या जावयाचं कौतुक संपता संपत नाही. असो. असो कसलं — लिहितोय ना इथे, मग लिहितोच. मला राग येतो.

ट्राम खालून हिरवी, वरून क्रीम. हिरवा मी मिळवलाय, डेपोच्या फाटकाला ट्रामचा जुना हिरवा पत्रा अजून आहे. क्रीम मात्र कुठेच नाही. फोटो सगळे काळेपांढरे, ट्राम सगळ्या भंगारात गेलेल्या. तो रंग उरलाय फक्त सासऱ्यांच्या डोक्यात. आणि त्यांचा एक डोळा गेलाय, दुसऱ्याचा पडदा झिजत चाललाय. ऑपरेशन होण्यासारखं नाही. खिडकीच्या उजेडात, नाकाजवळ धरलं तर अजून रंग कळतो. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, काय बघायचं ते यंदा बघून घ्या.

ह्या क्रीमच्या मागे मी आजचा नाही. झाकणात नमुना करायचा, वाळला की खिडकीत जाऊन त्यांच्यापुढे धरायचा. "नाही हो, हा फार कोरा." "हा पिवळा झाला." "हा आजारी दिसतो, जावईबापू!" अशी झाकणांची टोपली भरलीय. त्यांची नजर जायच्या आत एकदा त्यांच्या तोंडून "हाच" ऐकायचंय. मला ऐकायचंय. साडूबुवांना नाही!

२५ जानेवारी

सासऱ्यांना एक काम लावून दिलंय. खिडकीशी बसून माझ्या बाटल्या हलवतात. हातांना व्यायाम, माझं काम हलकं. आत काचेचे मणी किणकिणतात, ते मान डोलवतात. आज म्हणाले, "पोरीच्या तुटलेल्या माळेतले ना हे मणी?"

"कशावरून?"

"आवाजावरून. ट्रामचं कुठलं चाक घासतंय ते मी कानानं सांगायचो. मिस्तरी नंतर यायचा."

गंमत आहे म्हाताऱ्याची.

आजचा नमुना — पांढऱ्यात पिवळ्या मातीचे थेंब आणि राखाडीचा एकच. "जवळ आलात," म्हणाले. पण "हाच" नाही.

२ फेब्रुवारी

निर्लज्जपणाला काही सीमा! साडूबुवांचा फोन. "भाऊसाहेब, तुमच्याकडचा क्रीम एक बाटली द्या ना. माझा काही जमत नाही. तुमच्या हाताला काय ते कळतं."

म्हणजे पद्धत त्याची, रंग माझा, आणि पेटीवर नाव त्याचं!

तळपायाची आग मस्तकात गेली. फोन आपटणार होतो. आणि मग एकदम डोकं थंड झालं. इतकं थंड की माझं मलाच नवल वाटलं.

"देतो की," म्हटलं. "त्यात काय एवढं! घरचीच गोष्ट."

ही भाजी चिरता चिरता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

३ फेब्रुवारी

माळ्यावरून जुनी सायकल काढली. पुढचं चाक उघडलं. छर्रे! बारीक, गोल, साधे पोलादाचे. थिनरमध्ये बुडवून त्यांच्यावरचं ग्रीस काढलं, मग पॉलिशपेपरवर घासले. छान उघडे पडले.

आमचे हे रंग पाण्यातले. त्यात साधं लोखंड पडलं की गंजतं. एका दिवसात नाही — हळूहळू. क्रीमसारखा फिका रंग असेल तर आधी नुसता मळतो, मग तपकिरीकडे झुकतो. म्हणून तर मी काचेचे मणी टाकतो! पण काचेचेच का, हे साडूबुवांनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्याला नुसती पद्धत हवी होती. घे म्हणावं!

चिमूटभर मीठही टाकावं असं मनात आलं, म्हणजे गंज लवकर चढेल. पण मिठाने रंग फाटतो, गुठळ्या होतात. फाटला तर तो फेकून देईल. मला तो फेकायला नकोय. मला तो त्याने ट्रामला लावायला हवाय! त्याची नजर ती काय — ट्यूबलाइटखाली बसून रंगवतो, त्याला हा फरक दिसणारही नाही. सासऱ्यांना दिसेल. उजेडात, नाकाजवळ. सगळ्यांसमोर म्हणतील, "हे काय लावून आणलंत!"

तो क्षण बघायचाय मला. पुढच्या रांगेत बसून बघायचाय.

४ फेब्रुवारी

थोडक्यात वाचलो! बाटली भरून ठेवली होती, भाजी आणायला गेलो, परत येतो तो सासऱ्यांच्या हातात! हलवतायत. खडखड, खडखड. काचेची किणकिण कुठे आणि हे कुठे! मला दरदरून घाम.

सासरे थांबले. पुन्हा हलवली. कानाजवळ नेली, पुन्हा हलवली. खिडकीबाहेर बघत बसले बराच वेळ. मग बाटली माझ्या हातात दिली.

"ही कुणाची?"

"धाकट्यांची. मागितलीय त्यांनी."

"हं," म्हणाले. आणि रेडिओ लावला.

वय झालंय. नसेल कळलं.

५ फेब्रुवारी

दिली. साडूबुवांनी दोन्ही हातांनी घेतली. "उपकार झाले भाऊसाहेब!" मी म्हटलं, "वापरण्याआधी भरपूर हलवा हं. रोज हलवा."

रोज हलव, बाबा. जेवढा हलवशील तेवढं बरं.

१४ फेब्रुवारी

माझी ट्राम उभी राहिली. प्रायमर झाला, हिरवा झाला. क्रीमचे तीन पातळ हात दिले. डोळ्यांत भरतेय. ही म्हणाली, "अगदी खेळण्यातली वाटते!" तिला कौतुक करायचं होतं. मी दिवसभर फुगून बसलो.

१९ फेब्रुवारी

मेहुणी येऊन गेली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, रंगकाम कुठवर? "आजच बाटली उघडली. हे म्हणाले, रंग जरा मुरल्यासारखा दिसतोय. पण भाऊजींनी दिलाय म्हणजे चांगलाच असणार, म्हणून लावायला घेतला."

भाऊजींनी दिलाय म्हणजे चांगलाच असणार!

बाटली परत मागावी, असं मनात आलं. पण मग ते भाषण आठवलं, त्या टाळ्या आठवल्या. मग काही नाही मागितलं. चहा दुसऱ्यांदा घेतला.

२७ फेब्रुवारी

सासऱ्यांची नजर आणखी उतरली. सकाळी कप धरायला गेले तो हात बाजूला पडला. परवा निवड आहे, तोवर टिकू दे. एवढंच.

१ मार्च

लिहायचं नव्हतं. पण लिहिल्याशिवाय आज जेवण जायचं नाही.

डेपोचं मोठं दार उघडं होतं. दारातच टेबल मांडलेलं, भरपूर उजेड. दोन ट्राम शेजारी शेजारी. क्लबचे सगळे, संग्रहालयाच्या बाई, आमच्या घरचे. मी पुढच्या रांगेत. साडूबुवांच्या ट्रामकडे नुसतं बघून मला उकळ्या फुटत होत्या — वरचा भाग मळलेला! जुन्या उशीच्या अभ्र्यासारखा! माझी शेजारी कशी स्वच्छ, लखलखीत.

सासऱ्यांनी आधी माझी उचलली. डोळ्याजवळ नेली. फिरवून फिरवून बघितली. "सुरेख," म्हणाले. "कष्ट दिसतात जावईबापूंचे." खाली ठेवली.

मग ती दुसरी. मी खुर्चीच्या कडेवर आलो. आता म्हणतील! आता!

ट्राम नाकाला टेकेल इतकी जवळ. अंगठा क्रीमवरून फिरवतायत. पुढून मागे, मागून पुढे. आणि मग त्यांच्या त्या डोळ्यातून पाणीच आलं. ट्राम हातात कलली. साडूबुवा घाबरून पुढे झाले, त्यांना वाटलं ट्राम पडते.

"हाच," सासरे म्हणाले. "हाच तो! अगदी हाच! ह्याच दारातून काढायचो मी तिला."

टाळ्या! संग्रहालयाच्या बाई डोळे पुसतायत. अध्यक्ष साडूबुवांना मिठी मारतायत. "काय नजर आहे!" नजर! त्याची!

मी उठून उभा राहिलो. ओरडणार होतो, तो रंग माझा आहे! माझ्या हातचा आहे! तोंड उघडलंही होतं. मग पुढे काय सांगणार होतो? की हा रंग मी बिघडवून दिला होता? साडूची फजिती व्हावी म्हणून?

पुन्हा टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा. त्याच माणसासाठी.

२ मार्च

माझी ट्राम कपाटावर ठेवली. तोंड भिंतीकडे करून.

६ मार्च

साडूबुवा आले. हातात माझी ती बाटली, रिकामी. संग्रहालयाला आता दोन डब्यांची ट्राम हवीय, त्याच रंगात. सासऱ्यांना दिसतंय तोवर उद्घाटन करायचं म्हणतात.

"मला नाही जमत हो," म्हणाला. "चार वेळा करून बघितला. तुम्ही त्यात काय घातलं होतं ते सांगा ना. मी डॉक्टरांना सांगतो, रंग तुमचा आहे म्हणून. आधीच सांगायला हवं होतं. क्लबमध्ये पण."

खाली मान घालून बोलत होता. दोन महिने मी ह्याच वाक्यांची वाट बघत होतो. ती कशी म्हणवून घ्यायची, ह्याचे बेत रचत होतो! आणि आता तो आपण होऊन म्हणतोय तर मला फक्त ती बाटली दिसत होती. बाटली हातात घेतली. छर्रे तळाशी चिकटून बसलेले, लालभडक. त्याला ते रंगाने माखलेले मणीच वाटत असतील. किंवा काहीच वाटत नसेल.

"बघून सांगतो," म्हटलं. "आठवत नाही आत्ता."

सासरे खिडकीशी होते. रेडिओ बंद होता.

७ मार्च

सकाळी चहा घेताना सासरे म्हणाले, "डेपोतला रंगारी क्रीमच्या डब्यात गंजके नटबोल्ट टाकून हलवायचा. विसरूनच गेलो होतो मी. त्या दिवशी तुमची बाटली खडखडली तेव्हा आठवलं."

मी कप खाली ठेवला.

"सायकलचे छर्रे होते ना?"

"हो."

"मग सांगा की सगळ्यांना, जावईबापू. रंग तुमचाच आहे," म्हणाले आणि चाचपडत माझा हात शोधायला लागले.