सतरावा डिटेक्टर

३ मार्च, मंगळवार
आलो एकदाचे! नोकरी आणि घर एकाच दिवशी मिळालं, आणखी काय हवं? चार मजल्यांची भाड्याची इमारत, सोळा घरं, त्यातलं तळमजल्यावरचं एका खोलीचं घर अप्पांना आणि मला. मालकीणबाई म्हणाल्या, घराघरातला धुराचा डिटेक्टर दहा वर्षांचा झालाय, सगळे बदलायचे. मी म्हटलं, काळजीच सोडा, आठ वर्षं मी माणसांपेक्षा छतांकडेच जास्त बघितलंय.

अप्पांनी आल्या आल्या खिडकी आणि भिंतीतल्या कपाटामधली खाट बळकावली. कानातलं यंत्र जेवल्यावर काढून ठेवतात, मग शेजारी ढोल बडवला तरी त्यांना पत्ता लागत नाही. आई गेल्यापासून मला एकच धास्ती आहे. मी कामावर असताना आग लागली तर यांना कोण उठवणार? म्हणून पहिला नवा डिटेक्टर त्यांच्या खाटेच्या वर, छताला लावला. तो ओरडला की त्याला जोडलेली उशीखालची चकती थरथरते. अप्पा म्हणाले, गुदगुल्या होतात.

६ मार्च, शुक्रवार
अकरा झाले. काय काय बघावं लागतं! एकाने डिटेक्टरला मोजे वाळत घातलेले. दुसऱ्याने त्याची बॅटरी काढून टीव्हीच्या रिमोटला लावलेली, वर मलाच सांगतो की घरात धूर कधी होतच नाही. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं.

जिन्यात रंगकाम चाललंय. रंगाची धूळ आत जाऊ नये म्हणून डिटेक्टरला प्लास्टिकची टोपी घालतात आणि काम संपलं की आठवणीने काढतात. ती राहिली तर घात होतो, कारण बटण दाबलं की टोपीतला डिटेक्टरही मस्त ओरडतो, पण धूर त्याला कळत नाही. नुसतं बटण दाबून वहीत ‘ठीक’ लिहिणाऱ्या लोकांचा मला भयंकर राग येतो.

९ मार्च, सोमवार
सोळाही बसले. नवे डिटेक्टर एकमेकांशी बिनतारी जोडलेले असतात, एक ओरडला की सगळे ओरडतात. कुठल्याही एकाचं बटण दाबून धरलं की जितके जोडलेत तितक्या वेळा हिरवा दिवा लुकलुकतो.

सतरा वेळा लुकलुकला.

तुला मोजता तरी येतं का गं, असं स्वतःलाच सुनावलं. पुन्हा मोजलं. सतरा. सगळी जोडणी पुसली, शिडी घेऊन सोळा घरं पुन्हा पालथी घातली, एकेक परत जोडला. सतरा.

संध्याकाळी अप्पा कुरकुरले, की कपाटामागचं ते टुक्‌टुक्‌ बंद कर, दुपारभर डोळ्याला डोळा लागला नाही. मला काही ऐकू येत नव्हतं. कानातलं यंत्र टेबलावर होतं.

११ मार्च, बुधवार
कपाट सरकवलं. मागच्या भिंतीत दाराएवढा चौकोन, गिलावा वेगळा. कान लावला तर काही नाही. नाक लावलं तर जळक्या कापसाचा वास.

तिसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी राहतात, त्यांना विचारलं. आधी उडवाउडवी केली, मग बोलल्या. माझ्याआधी इथे डिटेक्टर बघणारा माणूस याच खोलीत राहायचा, आतल्या खोलीत त्याची आई. त्या खोलीला रंग दिला तेव्हा याने टोपी घातली, ती काढायची राहिली. दर महिन्याला बटण दाबायचा, ‘ठीक’ लिहायचा. एका दुपारी हीटरवर गोधडी पडली. हा वरच्या मजल्यावर कामात होता. म्हातारीने हाका मारल्या असतील, पण ऐकणार कोण? नंतर त्यानेच ते दार विटा लावून बुजवलं आणि निघून गेला.

मला रडूच आलं. त्याची चीड येते आणि कीवही येते. माझ्या हातून असं झालं असतं तर?

१२ मार्च, गुरुवार
अप्पा आज भिंतीकडे तोंड करून बसले होते. म्हणाले, पलीकडची बाई बोलकी आहे. तिला एकटीला करमत नाही म्हणे. यांना विचारते, येता का इकडे.

खाट दुसऱ्या भिंतीला नेली. मालकीणबाईंना म्हटलं, दुसरी खोली द्या, आत्ता द्या. शनिवारी देते म्हणाल्या.

दुपारी परत आले तर खाट पुन्हा त्या भिंतीला. अप्पांना ती एकट्याने हलत नाही.

१३ मार्च, शुक्रवार, सकाळ
अप्पांना मावशींकडे पोचवलं. आज अंगात नुसता संताप आहे. त्या म्हातारीच्या डिटेक्टरवर अजून टोपी असणार. भोक पाडते, हात घालून काढते. एवढं केलं की ती सुटेल, आणि माझ्या बापाचा नाद सोडेल.

दुपारी
भोक पडलं. कोपरापर्यंत हात जातो. आत उबदार आहे. इतक्या वर्षांनी —
धूर येतोय. ताजा.

सोळाही ओरडतायत. उजवा हात आत आहे. मनगट धरलंय कुणीतरी — सुटत नाही — डाव्याने लिहितेय. लोक जिन्यावरून धावत बाहेर चाललेत. माझं ओरडणं कुणाला ऐकू —

दारात अप्पा. गर्दीतून मला शोधत आलेत. नको होतं. कानात यंत्र नाही.

अप्पा बाहेर जा
आत येऊ नका
मी येते

वही उंच धरली. खिसे चाचपतायत. चष्मा मावशींकडे राहिला. मी वही हलवली, जा म्हणून, त्यांना वाटलं बोलावतेय — वाचायला जवळ येतायत — मनगटावरची पकड सैल होतेय, तिला मी नकोच — अप्पा, वाचू नका, नुसते माघारी —