सीटखालचा सेन्सर

३ नोव्हेंबर

खड्डे हवेत! पुण्याच्या ऑफिसात हे बोलायला सोपं होतं. नव्या ट्रकचं सस्पेन्शन बनवायचंय, खराब रस्त्याचे हादरे मोजून आणा. आणि खराब रस्ता कुणाच्या गावी? माझ्या. नागपूरपलीकडच्या गोरेगावच्या मागचा रस्ता, ट्रकमध्ये वजनाला गिट्टी, अ‍ॅक्सलवर सेन्सर. आई म्हणाली, "रस्ता कधी होते म्हणून लोक मले विचारून राहिले." काय सांगू? मी फक्त मोजायला आलेय.

४ नोव्हेंबर

ड्रायव्हर ईश्वरदासकाका. केस पांढरे, बोलणं कमी. दिवसभर तोच तुकडा, जा-ये. संध्याकाळी उतरले आणि दार धरून उभेच राहिले.

"काय झालं काका?"

"काही नाही. पाय झोपला."

६ नोव्हेंबर

एक सेन्सर उरला होता. काकांच्या सीटखाली लावला. कुणी सांगितलं नव्हतं. आलेख पाहिला — चॅसीपर्यंत, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यापर्यंत, हादरे बरेच कमी होतात. सीटवर पुन्हा वाढतात! गिट्टीपेक्षा माणूस जास्त हलतोय.

काकांना दाखवलं. नीट पाहिलंही नाही. मग आपणहून बोलले. डावा पाय गुडघ्याखाली बधिर आहे, पावसाळ्यापासून. क्लच दाबला की नाही ते इंजिनच्या आवाजावरून कळतं!

"कोणाले सांगू नका मॅडम. दुसरं काम येत नाही मले."

७ नोव्हेंबर

सांगितलं. पुण्याच्या साहेबांना लिहिलं — काकांवर उपचार करा, तोवर हलकं काम द्या, सीटची मापंही अहवालात घ्या. गप्प कशी बसणार होते?

८ नोव्हेंबर

उत्तर आलं. "सीट आपल्या कामात नाही. ड्रायव्हर बदलला आहे." एवढंच.

काका चाव्या द्यायला आले. "काऊन सांगतलं?"

म्हटलं, तुमच्यासाठी.

"माह्यासाठी?" हसले. चाव्या माझ्या हातात दिल्या नाहीत. ओट्यावर ठेवल्या आणि गेले.

११ नोव्हेंबर

नवा ड्रायव्हर. मोजणी चालू. साहेब खूश.

१५ नोव्हेंबर

सडक अर्जुनीला ढाब्यावर काका दिसले. रेतीच्या टिपरवर लागलेत. जुनं खटारं, सीटचा स्पंज गेलेला, वर पोतं दुमडून टाकलंय. हाक मारली. मान फिरवली त्यांनी. चढताना डावा पाय हातानं उचलून आत घेतला — सगळ्या ढाब्यासमोर.

मी ताट तसंच सोडून उठले. आमच्या ट्रकला निदान धड सीट तरी होती. मीच ढकललं त्यांना त्या पोत्यावर.

२० नोव्हेंबर

अहवाल पाठवला. सीटचा आलेख साहेबांनी वगळायला लावला. वगळला.

२९ नोव्हेंबर

मंजूकाकूंचा फोन. ईश्वरदासकाकांच्या पत्नी. भांडतील असंच वाटलं.

"कामावरून काऊन काढलं म्हणून मी धरूनच बसलो, तवा पायाचं समजलं. मले तं मालूमच नवतं! ओढून नेलं नागपूरले. नस दबली होती. ऑपरेशन झालं. काल अंगठा हालवला त्यायनं."

काकांना फोन द्याल का, विचारलं.

"ते तुमचं नाव घेऊ देत नाही घरात," त्या म्हणाल्या. "मी घेतो."