दोन बोटांची शिटी

लकडगंज, नागपूर
२० सप्टेंबर १९७८

प्रिय देवाजी,

अक्षर पाहून हे पत्र कुणा पहिलीतल्या पोराचं आहे असं वाटेल, पण बाजूला ठेवू नकोस. मीच आहे, विश्वनाथ. अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट यांच्या चिमटीत आपली चपटी लाल पेन्सिल धरून लिहितो आहे. ती निदान हातात फिरत नाही. पेन धरून पाहिलं तर दोनदा लुंगीवर शाई सांडली, आणि तुझ्या वहिनीनं पेनच कुठंतरी लपवून ठेवलं. एका बैठकीत पाच-सहा ओळी होतात, मग पंजा आखडतो. हे पत्र शनिवारी सुरू केलं होतं, आज बुधवार आहे. तारीख तेवढी आजची टाकली.

लिहायला कठीण ते आधी लिहून टाकतो. जूनमध्ये माझी दोन बोटं गेली आणि दहाव्या दिवशी मी हाताला पांढरं गाठोडं बांधून आपल्या लाकूड चिरायच्या आरामशीनवर आलो. सगळे जमले होते, दोन-चार गिऱ्हाइकंही होती. त्यांच्यासमोर मी म्हणालो, देवाजीनं शिटी मारली नाही. तू आऱ्याजवळच उभा होतास. तू एवढंच म्हणालास, "मारली होती, विश्वनाथ." मग खुंटीवरचा डबा काढलास आणि गेलास. ना भांडलास, ना मागं वळून पाहिलंस. आता मशीनवरचा नत्थू सांगतो की तू उमरेडला भावाकडे आहेस. तिथल्या आरामशीनवाल्यानं त्याला एस.टी. स्टँडवर गाठून विचारलं म्हणे, "मालकाची बोटं घालवणारा देवाजी तो हाच का गा?" तेव्हापासून तुला कुणी आऱ्यापाशी उभं करत नाही आणि तू कोष्ट्यांकडे लुगड्यांचे गठ्ठे उचलतोस. बावीस वर्षं आऱ्यामागं उभा राहिलेला माणूस, आणि गठ्ठे. माझ्या एका वाक्यानं हे झालं. आणि ते वाक्य खरं होतं की खोटं, हेच मला तीन महिने समजत नव्हतं.

माझा गोंधळ तुला कसा सांगू? लाकूड खोटं निघालं तर मला बाहेरूनच कळतं. माणूस खोटं बोलला तर त्याच्या घशात कळतं. तू "मारली होती" म्हणालास तेव्हा तुझ्या घशात काहीही खोटं नव्हतं. आणि मी ऐकली नव्हती, हेही तितकंच खरं होतं. एका खोक्याला दोन झाकणं, आणि दोन्ही बरोबर बसतात. असं कुठं असतं काय?

दिवस मी पुन्हा पुन्हा मांडून पाहतो. महालातलं जुनं घर पाडल्यावर निघालेला छताचा सागवानी म्याल आपण चिरत होतो. मी पुढून सरकवत होतो, तू मागून ओढत होतास. आरा फिरायला लागला की गळा फाडूनही उपयोग नाही, म्हणून आपली शिटीची रीत. ती तुझीच. संत्र्याच्या पेट्या ठोकायचो तेव्हा गाडीवाल्याला अख्ख्या बाजाराच्या पलीकडून बोलवायचास, दोन बोटं तोंडात घालून, सुईसारखी बारीक शिटी. तीच आपण मशीनवर आणली. शिटी वाजली की पुढच्यानं काही विचारायचं नाही, वर पाहायचं नाही, लाकूड सोडून हात मागं घ्यायचे. माझी नजर पेन्सिलीच्या रेघेवर असते, तुझी लाकडाच्या पोटाकडे, त्यामुळे दोघांत मिळून एक शहाणा माणूस होतो असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. तुला तेवढी एक खोड लागली होती, गेल्या दोनेक वर्षांत. शिटीसोबत लाकडाला बारीकसा हिसका द्यायचास. हिसका बसला की पातं रेघ सोडतं आणि कट वाकडा जातो. त्यावरून मी किती वेळा चिडलो असेन. असो. त्या दिवशी म्यालाच्या पोटात जुना चौकोनी खिळा होता. तुला तो दिसला असेल, आणि तू म्हणतोस की शिटी मारलीस. मला एवढंच आठवतं की रेघ सरळ होती, मग लाकूड बैलासारखं उसळलं, आणि भुशावर काहीतरी लाल पडलं. ते माझं आहे हे मला तुझ्या तोंडाकडे पाहून कळलं.

आणि ऐकण्यात मी चुकेन, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. तुला माहीत आहे, नरखेडकडून आलो तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी आणि दोन कान होते. कानांवरच उभा राहिलो. ओंडक्यावर मुठीनं ठोकलं की आत पोकळ कुठं सुरू होतं ते बोट ठेवून सांगायचो. थप्पीमागं दोन व्यापारी कुजबुजले तरी इकडे मला सौदा पाठ व्हायचा. अजूनही तसंच आहे. परवा पडवीत बसलो होतो, नत्थू माझी विचारपूस करायला आला आणि जाताना फाटकापाशी कुणाला तरी हळूच म्हणाला, "बुढा आता काही आऱ्याले हात लावत नाही, लिहून घ्या." मी बसल्या जागेवरून म्हटलं, नत्थू, लिहून घ्यायला आधी लिहिता यावं लागतं. तो असा पळाला की चप्पल राहिली. सांग, असा माणूस तुझी शिटी चुकवेल? म्हणून तर मी ते वाक्य एवढ्या ठामपणे बोललो.

आता हाताची खबर. जखम भरली. टाके निघाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, उरलेली बोटं आणि अंगठा लाकडासारखे होऊ द्यायचे नसतील तर रोज सकाळ-संध्याकाळ काहीतरी मऊ दाबत जा. तुझ्या वहिनीनं तिथल्या तिथं ठरवलं, कणीक. दोन महिने झाले, या घरात पोळ्या होतात त्या माझ्या मळलेल्या कणकेच्या. सुरुवातीला परातीत कणीक कमी आणि शिव्या जास्त पडायच्या. आता गोळा बरा होतो. तुझी वहिनी शेजारच्या कांताबाईंना सांगते, यायच्या हातची पोळी माझ्याहून मऊ होते. जी बोटं नाहीत ती कधीकधी खाजतात, हे मात्र फार विचित्र. खाजवायला जावं तर तिथं हवा. डॉक्टर म्हणतात, होतं असं. होतं असं म्हटल्यानं काय कळतं?

घरी बसल्यावर मला घरच अनोळखी वाटायला लागलं. यंदा डास नाहीत म्हणून मी खूश होतो. तुझ्या वहिनीनं माझा दंड उलटा करून दाखवला, फोडच फोड. मी म्हटलं, यंदाचे डास मुके झाले काय? ती हसली, मीही हसलो. मग अंगणात सायकलवाला पोस्टमन अगदी पाठीवर येऊन थांबला तर मी त्याच्यावरच खेकसलो की घंटी वाजवत जा. तो बिचारा म्हणाला, "किती वाजवू भाऊ? अंगठा दुखून राहिला माझा." त्याची घंटी गंजली असेल असं मी धरून चाललो. दोष शोधायला मला बाहेर फार जागा सापडतात, देवाजी. ते तुझ्याहून जास्त कुणाला माहीत असणार.

मग कुकरची गोष्ट झाली. तुझी वहिनी कांताबाईंच्या ओट्यावर बसायला गेली आणि मला सांगून गेली, तीन शिट्या झाल्या की स्टोव्ह बंद करा. मी परात घेऊन स्टोव्हपासून दोन हातांवर बसलो होतो. शिटीची वाट पाहत कणीक मळत होतो. वाफेचा फसफसाट ऐकत होतो, शिटी काही होईना. तेवढ्यात ती पदर सावरत धावत आली. डाळ करपली होती. मी म्हटलं, तुझ्या कुकरची शिटी बिघडली. ती म्हणाली, "पाच झाल्या. मले तिकडं कांताबाईच्या ओट्यावर ऐकू आल्या. तुम्हाले इथं बसून नाही आल्या?" मी खाली पाहून कणीक मळत राहिलो. तिनं पुन्हा विचारलं नाही. बाई शहाणी आहे, तिनं करपलेलं भांडं उगाच फार वेळ घासत ठेवलं.

त्या दिवसापासून माझ्या पोटात खिळा शिरला. तरी मन वळवळत होतंच. नत्थूची कुजबुज ऐकू येते, ठोकलेलं लाकूड ऐकू येतं, आणि शिटी नाही, असा कसा बहिरा माणूस असतो? चौथ्या दिवशी, म्हणजे गेल्या शुक्रवारी, मी रिक्षा करून आरामशीनवर गेलो. खुर्ची आऱ्यासमोर टाकून बसलो आणि म्हटलं, चालू द्या, मी नुसता पाहतो. नत्थू आता तुझ्या जागेवर, मागं. पुढं मुकुंद म्हणून नवा माणूस घेतला आहे. अर्धी फळी गेली असेल. नत्थूनं दोन बोटं तोंडात घातली. त्याचे गाल फुगले, गळ्याच्या शिरा ताणल्या. मुकुंदनं चटकन फळी सोडली, हात मागं घेतले. थप्पीजवळच्या दोघांनी माना वळवल्या. फाटकातलं कुत्रंसुद्धा उठून उभं राहिलं. आणि देवाजी, मला आऱ्याची नुसती घरघर ऐकू येत होती. सगळ्यांनी ऐकली. कुत्र्यानं ऐकली. मी नत्थूच्या तोंडाकडे बघत राहिलो, त्यातून काही पडेल म्हणून. तो म्हणाला, "पाणी आणू काय मालक?" मी हो म्हटलं आणि पाणी न पिता घरी आलो.

बावीस वर्षं त्या पात्याशेजारी कान लावून उभा होतो. पात्यानं बारीक बारीक आवाज एकेक करून कापून नेले असतील आणि जाड तेवढे मला ठेवले असतील. केव्हापासून, ते सांगता येत नाही. जे ऐकू येत नाही ते कधी बंद झालं हे माणसाला कळावं कसं? पण मग शनिवारी दुसरीच गोष्ट आठवली, आणि म्हणून पेन्सिल हातात घेतली. तुझा हिसका. दोनेक वर्षांची तुझी ती खोड. मला वाटायचं, देवाजीचा हात म्हातारा झाला. आता वाटतं, तुला कळलं होतं. मी शिटीवर थांबत नाही, हिसक्यावर थांबतो, हे तू पाहिलं होतंस, आणि कानांचा एवढा तोरा मिरवणाऱ्या माणसाला कसं सांगावं म्हणून गुपचूप लाकडातून सांगत होतास. खरं आहे ना? मग माझ्यासमोर का बोलला नाहीस? त्या दिवशी सगळ्यांत तरी का बोलला नाहीस? याचं उत्तर मला हवं आहे, आणि ते ऐकायची भीतीही वाटते.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, तुझ्या वहिनीलाही नाही. फक्त तुला माहीत आहे. बोटं गेली त्या बुधवारी सकाळी, म्याल चढवायच्या आधी मी तुला म्हणालो होतो, हे सागवान पुन्हा मिळायचं नाही, आज हिसका दिलास तर उद्यापासून मागं उभा राहू नको, शिटी आहे ना तुझ्याजवळ? तू माझ्याकडे जरा वेळ पाहिलंस. काहीतरी बोलणार होतास. मग "बरं गा" म्हणालास. आणि त्या दिवशी हिसका दिला नाहीस. बोटं तिथंच गेली, देवाजी, आऱ्यावर यायच्या आधीच.

खंडेनवमीला तीन आठवडेही राहिले नाहीत. दसऱ्याला तू आणि तुळसाबाई जोडीनं दीक्षाभूमीवर याल, ते कधी चुकत नाही. या वर्षी एक दिवस आधी ये. खंडेनवमीची पूजा तू कधी केली नाहीस, मी कधी म्हटलंही नाही, पण आदल्या दिवशी पात्याला तेल दर वर्षी तुझ्याच हातचं. नवमीला मशीन बंद असते आणि आपल्याकडचे सगळे असतात, गिऱ्हाइकंही येतात. ज्यांच्यासमोर मी ते बोललो त्या सगळ्यांना मी बोलावणं पाठवतो आहे, उमरेडच्या त्या आरामशीनवाल्यालासुद्धा. मी आऱ्याकडे पाठ करून उभा राहीन. तू माझ्या मागं, तुझ्या जागेवर उभा राहा आणि दोन बोटं तोंडात घालून शिटी मार, बाजाराच्या पलीकडे जायची तशी. सगळे दचकतील. मी दचकणार नाही. सगळ्यांना ते दिसू दे. मग ती सकाळची गोष्ट मी माझ्या तोंडानं सांगेन. शिटी मारून झाली की नुसता उभा राहू नकोस, मला कळायचं नाही. खांद्याला हात लाव, म्हणजे मी वळेन.

तुझाच,
विश्वनाथ