अखंड धागे

मंगळवार, संध्याकाळ

काल या वहीत लिहिलं ते चूक. रुग्णांच्या पेशींतले मायटोकॉन्ड्रियाचे धागे आजाराने तुटत नव्हते. आमच्याच सूक्ष्मदर्शकाच्या प्रखर लेझरने तुटत होते. आज प्रकाश मंद केला आणि तासभर पाहिलं. धागे अखंड!

पण धागे आजाराने तुटतात असं सांगणाऱ्या ज्या अहवालामुळे मला इमेजिंग केंद्राची प्रमुख केलं, तोच चुकीचा ठरला. कामठीला बाबांना फोन करून सगळं सांगितलं. आकडे मी त्यांच्या लूमवरचे, म्हणजे मागावरचे, धागे मोजतच शिकले.

"धागा तुटला त पहिले लूम बंद करतेत, वं. लपवून विणलं त कापडच बोलते. आता नीट दिसून राहिलं न तुले?"

"दिसतंय, बाबा."

"मंग रडून काहून राहिली?"

रडत नव्हते. हसत होते बहुतेक. इतके लांब, जिवंत, अखंड! जुना अहवाल मागे घेणार, नवी चित्रं दाखवणार, सगळ्यांसमोर. येत्या शुक्रवारी.